गाठ आहे पडद्याशी!

कानावर आलंय ते खरं असेल, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय म्हणजे खरंच आहे, तर ओरोसात आता कोणाचीच धडगत नाही. आमच्या कॉलनीतल्या एका हॉलला नवे पडदे लागलेत. त्यांच्यावर ना मोर, ना कोयरी, ना हात धरून नाचणारी वारली माणसं. नुसत्या गाठी! दोरीत दोरी, दोरीखालून दोरी, पुन्हा तीच दोरी वरून. सुरुवात कुठली नि शेवट कुठला, शोधून दाखवा. शेवाळी हिरव्या कापडावर सोनेरी गुंता. हे काय म्हणून विचारलं तर त्या घरच्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "केल्टिक." म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिकडच्या जुन्या लोकांची नक्षी. घ्या! जिल्हाधिकारी कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, थेट आयर्लंड.

चहाला बोलावलेल्या बायकांनी बशीतल्या शंकरपाळ्यांपेक्षा पडदेच जास्त चघळले. शेजारच्या काकी तर चष्मा पुसून जवळ गेल्या. "गो बाय, ह्या सुताचो गुंतो सोडवतलो कोण?" दुसरीने हळूच माझ्या कानात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, विचारलं, "खयसून हाडल्यान? नि केदव्याक घेतल्यान?" केवढ्याला, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही, त्यामुळे आकडा रोज वाढतोय.

ओरोस हे गाव कसं आहे ते माहीत असल्याशिवाय या भानगडीची खोली कळायची नाही. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय इथे आलं, त्याला सिंधुदुर्गनगरी असं भारदस्त नाव मिळालं. कचेऱ्या आल्या, जिल्हा परिषद आली, मागोमाग बदलीवर येणारी जाणारी माणसं आली. कोणी सांगलीचं, कोणी बीडचं, कोणी इथलंच, पाट-परुळ्याचं. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याची एक पंचाईत असते. भिंती सरकारच्या, रंग सरकारचा, खिडकीचे गजही सरकारचे. स्वतःची अक्कल पाजळायला माणसाला उरतो तो पडदा. म्हणून इथे पडद्यावरून जेवढं राजकारण होतं तेवढं निवडणुकीवरूनही होत नाही.

आणि लाटा तरी किती पाहिल्या! आधी वारली. जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, वारलीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळं झकास. पण डहाणूकडच्या आदिवासींच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटणारा लग्नाचा चौक आमच्याकडे उतरला तो उशीवर, चहाच्या कपावर, पायपुसण्यावर. पायपुसण्यावर! मग आला खण. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं ते कापड, चोळीपुरतं विणलेलं. त्याचं तोरण झालं, टेबलाचा पट्टा झाला, पर्स झाली, दिवाणाची चादर झाली, शेवटी मोबाइलचं पाकीटसुद्धा झालं. एका घरी तर सोफ्याला खण, उशीला खण, यजमानीणबाईंना खण. त्या बसल्या की कुठे सोफा संपतो नि कुठे बाई सुरू होते ते कळेना. तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. आता मात्र गाठी दिसल्या आणि सगळ्यांना एकदम संस्कृती आठवली.

वहिनींची शोधयात्रा मात्र ऐकण्यासारखी आहे. कुठेतरी कोणाच्या घराचे फोटो पाहिले आणि डोक्यात किडा शिरला. आधी कुडाळ. तिथल्या दुकानदाराने "केल्टिक" हा शब्द ऐकून समोरच्या स्टेशनरीकडे बोट दाखवलं. त्याला सेलोटेप वाटली. मग कणकवली, मंगळवारच्या बाजाराच्या गर्दीत. तिथे पडद्याच्या कापडाचे तागेच्या तागे उलगडले गेले. फुलं, पानं, फुलपाखरं, आयफेल टॉवर. होय, आयफेल टॉवर आमच्याकडे राजरोस मिळतो, त्याचं कोणालाच काही वाटत नाही. मग आंबोली घाट चढून बेळगाव. आमच्याकडे लग्नाचा बस्ता असो की पडद्याचा हट्ट, शेवटचा उपाय बेळगाव. तिथल्या माणसाने निदान ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि जाळीची नक्षी काढली, मुघल धाटणीची. जवळ जवळ तशीच, पण दोरी वर-खाली जात नाही. वहिनी म्हणाल्या, "वर-खाली जायला हवी." तो म्हणाला, "वहिनी, सपाट कापडावर वर-खाली कसं जाणार?"

प्रश्न बिनतोड होता. पण त्या नक्षीची गंमत नेमकी तीच. दोरी एकदा वरून गेली की पुढच्या छेदात खालून, मग परत वरून, असं शेवटपर्यंत चुकता कामा नये. एक जागा चुकली की सगळी गाठ खोटी. शेवटी कापड सापडलं ते मोबाइलवर, छापील, पॉलिएस्टर. असलं कापड बहुधा सुरतेकडचं, असं जाणकार म्हणतात. म्हणजे आयर्लंडच्या नावाचा जो बोभाटा झाला तो सगळा गुजरात मेलने आलेला.

आता खरी कहाणी शिंप्याकडे. मी सोबत होते, म्हणून सांगते. खिडकी पाच फूट रुंद. पडद्याला बरी चुणी हवी तर कापड दुपटीहून जास्त लागतं, म्हणजे दहा-बारा फूट. पन्हा ४८ इंची. उंची सात फूट, म्हणजे ८४ इंच; वरची पट्टी आणि खालची दुमड धरून ९६. इथवर सगळं ठीक. पण त्या कापडावरची गाठ दर ३६ इंचांनी पुन्हा येत होती. शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर गाठ एका रेषेत हवी, तर प्रत्येक तुकडा एकाच जागेपासून कापायला हवा, म्हणजे ९६ऐवजी १०८ इंच. एका पडद्यामागे बारा इंच वाया. सहा पडद्यांचे झाले ७२ इंच, दोन वार कापड थेट कातरणात. साध्या फुलांच्या कापडाला ही भानगड नसते. फूल चार बोटं इकडे गेलं काय, तिकडे गेलं काय. फुलाला कोण विचारतो!

शिंप्याने हे सगळं खडूने फळीवर मांडून दाखवलं. वहिनी तयार. दोन वार गेलं तर गेलं. पडदे शिवून आले, रिंगा अडकल्या, दांडीवर चढले, आणि गाठी गायब. म्हणजे होत्या, पण चुण्यांत. अर्धी दोरी घडीच्या पोटात, अर्धी वर. वीतभर रुंदीची गाठ मिटून चार बोटांची झालेली. जिथे दोरी वर-खाली जाण्याची सगळी करामत, तिथेच नेमकी घडी. लांबून पाहिलं तर शेवाळावर कोणी शेवया वाळत घातल्यात असं दिसत होतं. वहिनींचा चेहरा पाहवेना. शिंपी मात्र शांत. म्हणाला, "वैनी, पडदो म्हटल्यार चुणी येतलीच. चुणी नको जाल्यार चादर टांगा." या एका वाक्यासाठी त्याला सजावटीच्या कॉलेजात प्राध्यापक नेमायला हवा. गाठीच्या नक्षीला सपाट जागा हवी. उशीचा अभ्रा, टेबलाचा पट्टा, घडीचा रोमन पडदा, भिंतीवर ताणून लावलेलं कापड. लोंबणारं, चुणीचं काही तिला चालत नाही.

इकडे गजालींना ऊत आलेला. पडदे चढले त्याच आठवड्यात वहिनींच्या यजमानांचा स्कूटरवरून उतरताना पायरीवर पाय घसरला. झालं! "गाठी मारलेलां कापाड दारा-खिडकेक टांगल्यार आणखी काय होतला? कोणी तरी बंधन घातलां असतला. भगताक दाखवा." गाठ म्हणजे बंधन, बंधन म्हणजे करणी, करणी म्हणजे गाऱ्हाणं. एवढा तर्क आमच्याकडे चहाचं आधण यायच्या आत पूर्ण होतो. पावसात शेवाळलेल्या पायरीचा कोणी विचारच केला नाही.

खरं तर या गाठी बहरल्या त्या मठात. सन ८००च्या सुमारास आयर्लंड-स्कॉटलंडच्या मठवासी लेखनिकांनी वासराच्या कातड्यावर बायबलातल्या शुभवर्तमानांची पोथी लिहिली, तिला 'बुक ऑफ केल्स' म्हणतात. तिची ३४० पानं आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलीत. त्याच्याही शंभरेक वर्षं आधीची लिंडिस्फार्नची पोथी लंडनला आहे. एकेका अक्षराभोवती एवढा बारीक गोफ की माणसाने भिंग घेऊन बसावं. काही ठिकाणी दोऱ्याच्या जागी साप नि पक्षी एकमेकांत गुंतलेले, एकमेकांना चावणारे. आपल्या दक्षिणेत पिंपळाखाली नागशिळा असतात, त्यांतले दोन नाग असेच वेटोळ्यात वेटोळं घालून उभे. त्यांना आपण हळद-कुंकू लावतो. आणि ही नक्षी एकट्या केल्ट लोकांची जहागीरही नाही. रोमन फरसबंदीच्या काठांना असाच गोफ आहे. हल्ली कापडासोबत एक चिठ्ठी येते, 'ही गाठ म्हणजे अखंड प्रेम, ही म्हणजे नशीब.' ती विकणाऱ्याची भर. त्या मठवाल्यांनी कुठल्या गाठीचा काय अर्थ हे कुठेच लिहून ठेवलेलं नाही. ते आपले काढत बसले.

भगताच्या आधी पोचले ते आमच्या कॉलनीतले गणिताचे गुरुजी. पडद्याकडे टक लावून उभे राहिले, चुणी दोन्ही हातांनी ताणली, बोटाने एक दोरी धरली आणि निघाले. मग त्यांनी कागद मागितला. ठिपके काढले, तीन ओळी, ओळीत चार. ठिपक्यांच्या मधून तिरकी, काठावर आपटून वळणारी रेघ सुरू केली. रेघ फिरली, फिरली, सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून जिथून निघाली तिथे परत आली. एकच दोरी! मग चार ओळी, ओळीत सहा. या वेळी दोन दोऱ्या निघाल्या, एकमेकींत अडकलेल्या. पाच बाय पाच, तर पाच. गुरुजींचे डोळे चकाकले. "मसावि!" खरंच. ओळी आणि ठिपके यांचा महत्तम सामाईक विभाजक जेवढा, तेवढ्या दोऱ्या. तीन आणि चारचा मसावि एक, चार-सहाचा दोन. सहावीत ज्या मसाविने आम्हाला रडवलं तो असा पडद्यात लपून बसला होता. मगाशी चष्मा पुसणाऱ्या काकींनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यां काय नवीन? ही तर ठिपक्यांची रांगोळी." तमिळनाडूत दारोदारी काढतात त्या वळशाच्या कोलममध्ये हाच हिशेब चालतो, आणि तिथल्या आजीबाई मसाविचं नावही न घेता पहाटे पाच मिनिटांत तो सोडवून मोकळ्या होतात.

आणि गोफ विसरलात? शिमग्याला गोव्यात आणि आपल्या कोकणपट्टीत गोफ नाचतात. मधोमध वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या, एकेक दोरी एकेकाच्या हातात. एक वरून जातो, दुसरा खालून. ताल चालू, पाय चालू, आणि वर वेणी विणली जाते. मग उलट पावलांनी तीच वेणी सुटत येते. एकाने चुकीच्या बाजूने वळण घेतलं की सगळा खेळ अडकतो आणि बघणारे हसतात. त्या आयरिश मठवाल्याचं काम नाचून केलं की गोफ होतो. तेव्हा परदेशी परदेशी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

दमाने घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते जरा हिशेबाचं. काश्मिरी शालीवरची कोयरी अठराव्या शतकात विलायतेला गेली. मूळ शाल परवडेना, म्हणून स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या गावाने तिची नक्कल मागावर काढायला घेतली. १८७०च्या दशकापर्यंत त्या गावाची चूल आपल्या कोयरीवर पेटत होती. मग बायकांचे झगे मागून फुगीर झाले, त्यावर शाल नीट बसेना, आणि धंदा बसला. पण जगभर आजही त्या कोयरीला त्या गावाचं नाव आहे. आपण कधी दावा लावला? लंडनच्या लिबर्टी नावाच्या दुकानाचं आणखी गमतीदार. १८७५ ला सुरू झालं ते पूर्वेकडची रेशमं विकून. विसावं शतक उजाडता उजाडता त्याच दुकानाने आर्चिबाल्ड नॉक्स या कलाकाराच्या नक्षीवरून केल्टिक गाठींची चांदीची आणि कथलाची भांडी घडवून घेतली आणि ती फॅशन केली. म्हणजे आधी आमचं विकलं, मग स्वतःचं जुनं शोधून विकलं. वहिनींनी सहा पडदे आणले तर फिट्टंफाट म्हणायची.

आता येतात दुसऱ्या गटाच्या बायका. त्यांचं म्हणणं, एवढी हौस होती तर आपल्या जिल्ह्यातलं का नाही? पिंगुळी कुडाळला लागून. तिथली ठाकर मंडळींची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती त्याचसाठी. सावंतवाडीला गंजिफा. दशावतारी गंजिफांचा जोड १२० पानांचा, दहा अवतारांची बारा-बारा, सगळी गोल. ती कला मरायला टेकली होती, राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. मुद्दा रास्त आहे. फक्त तो मांडणाऱ्या बाईंच्या हॉलमध्ये काय आहे ते मी पाहून आले. काचेच्या कपाटात बुद्धाचं हसरं डोकं, शेजारी फेंगशुईचा बेडूक, तोंडात नाणं. पिंगुळीला कधी गेलात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "जवळच तर आसा, जातलंव कधीतरी." जवळच्याचं हेच दुखणं. आयर्लंडला पडदा तरी मिळतो, पिंगुळीला 'कधीतरी' मिळतं. आणि खरं सांगायचं तर चित्रकथीतला रावण सहा पडद्यांवर छापून चुणीत मुरडावा असं मला मुळीच वाटत नाही. पायपुसण्यावरची वारली अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मधल्या काळात चवथ आली. आमच्याकडे वर्षाचा रंग, पडदे, चादरी सगळं चवथीच्या हिशेबाने. मुंबईचे चाकरमानी येणार, माटवी बांधली जाणार, गणपतीच्या मागे काहीतरी झकपक लागणार. वहिनींच्या भावाने गोव्यात हणजुण्याहून एक सुती चादर उचलून आणली. तिच्यावर हीच केल्टिक गाठ, ऐसपैस, गोल, मधोमध. असल्या चादरी आपल्याकडेच छापून विलायतेला जातात, आणि उरलेल्या हणजुण्याला गोऱ्यांच्या वाटेवर टांगलेल्या असतात. शिंप्याचा शब्द खरा ठरला: चादर टांगली, ताणून, एकही चुणी नाही. गणपती पुढे, गाठ मागे. दोरी वरून, खालून, वरून, शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होती. आरतीला आलेला प्रत्येक जण टाळ्या वाजवताना मान वाकडी करून एकच दोरी डोळ्यांनी गाठत होता. एकाची 'जयदेव जयदेव' दोनदा चुकली. ज्यांनी भगत सुचवला होता त्यांनी प्रसाद घेताना चादरीचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. "सुती आसा. रंग जाता काय?"

एवढ्यावर मिटलं असतं. पण कॉलनीत एक निवृत्त सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावच्या पाइप बँडमध्ये उमेदीची वर्षं काढलेले. त्यांनी चादर पाहिली आणि हात मागे बांधून निकाल दिला, "ही आयरिश गाठ. स्कॉटिश चौकडो येगळो. तो खरो." आपल्या लष्करातल्या कितीतरी पाइप बँडांच्या खांद्यावर तो टार्टनचा चौकडा अजून असतो. सुभेदारांनी मग चौकड्याचा इतिहासच काढला: इंग्रजांनी १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडच्या पुरुषांना तो डोंगरी पोशाख बंद केला, १७८२ला बंदी उठली, आणि १८२२ला तर खुद्द राजा चौथा जॉर्ज तोच चौकड्याचा घागरा, म्हणजे किल्ट, घालून एडिंबरात मिरवला. वॉल्टर स्कॉटने सगळा बेत आखला होता. राजा घागऱ्यात! हे ऐकून काकींनी पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून कॉलनीत दोन पार्ट्या आहेत, गाठवाले आणि चौकडावाले. चौकडावाल्यांचा युक्तिवाद बिनतोड: चौकडा चुणीत गेला तरी चौकडाच दिसतो, गाठ मात्र मरते. शिंप्याने मान डोलावली. शिवाय कापड शोधायला बेळगाव नको की मोबाइल नको. गेल्या मंगळवारी त्यांच्यातल्या दोघी कणकवलीच्या बाजारातून तांबड्या-हिरव्या चौकड्याच्या नऊ लुंग्या घेऊन आल्या. पडदे शिवायला टाकलेत. लुंगीचं कापड पातळ, त्यामुळे दिवा लावला की आतलं सगळं बाहेर दिसणार, म्हणून अस्तर लावायचं की नाही यावर अजून एकमत झालेलं नाही. सुभेदारांचं म्हणणं, नको. बाकीच्या कॉलनीचंही तेच म्हणणं आहे, कारण वेगळं.